ढाका ते गाबुरा : पाण्याच्या मागावर

रविवार, ढाका

बांगलादेशात साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची. त्यामुळे रविवारी सकाळी ढाक्यात बाहेर पडणं म्हणजे आठवड्याच्या पहिल्या गर्दीत सापडणं. महाखालीला जायचं होतं. जाळीच्या दारांची हिरवी ऑटोरिक्षा, जिला इथे 'सीएनजी' म्हणतात, ती थांबवली आणि आयसीडीडीआर,बी हे नाव सांगितलं. चालक मागे वळून नुसताच बघत राहिला. 'कॉलरा हॉस्पिटल' म्हटल्यावर मात्र लगेच भाडं ठरवायला लागला.

लोकांनी जुनं नाव सोडलेलं नाही. १९६० साली इथे कॉलरा संशोधनाची प्रयोगशाळा निघाली, १९७८ मध्ये तिचं आंतरराष्ट्रीय केंद्र झालं, आणि आज या रुग्णालयात वर्षाला १ लाखाहून जास्त रुग्ण येतात. ढाक्यात अतिसाराच्या दोन लाटा ठरलेल्या: एक पावसाळ्याआधी, दुसरी पावसाळा सरताना. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये तर दिवसाला १,३०० च्या वर माणसं दाखल होत होती. आताही एप्रिलच चालू होता. वॉर्ड पुरत नाहीत म्हणून आवारात तंबू ठोकले होते आणि तंबूतही खाटांना खाटा लागल्या होत्या.

कॉलराची खाट मी पहिल्यांदाच पाहिली. ताणलेलं प्लास्टिकचं कापड, मधोमध भोक, भोकाखाली बादली. बादलीवर मापाच्या रेघा. कॉलऱ्याच्या रुग्णाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणीसुद्धा जाऊ शकतं. बादलीत किती गेलं ते परिचारिका बघते आणि तेवढं परत देण्याची व्यवस्था करते, शिरेतून किंवा पेल्यातून. जवळजवळ सगळा उपचार एवढाच. उपचार न मिळालेल्या गंभीर रुग्णांपैकी निम्मे मरू शकतात. इथे दाखल झालेला सहसा एक-दोन दिवसांत चालत घरी जातो.

पेल्यातून देण्याची विद्या याच शहरात सिद्ध झाली. आतडं कॉलऱ्याने पार हतबल झालं तरी साखर आणि मीठ जोडीने दिलं तर साखरेबरोबर मीठ शोषलं जातं आणि मिठामागून पाणी. डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी १९६८ मध्ये ढाक्यातल्या रुग्णांवर ते दाखवून दिलं. १९७१ च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेची पाकिटं बांधून नातेवाइकांच्याच हाती दिली. तीस टक्क्यांच्या आसपासचे मृत्यू चार टक्क्यांखाली आले.

पण मला जास्त कुतूहल होतं ते त्यानंतरच्या दशकाचं. फजले हसन आबेद यांच्या ब्रॅक या संस्थेच्या बायका १९८० ते १९९० या काळात गावोगावी, दारोदारी गेल्या आणि १ कोटी २० लाखांहून जास्त घरांत त्यांनी एकच गोष्ट शिकवली: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. या शिकवणाऱ्या बायकांचा पगार घरांच्या संख्येवर नव्हता. काही आठवड्यांनी दुसरं कुणी तरी जाऊन निवडक घरांतल्या आयांना विचारायचं, करूनही दाखवायला सांगायचं. त्यांना जितकं नीट आठवत असेल तितके पैसे. योजना आखणाऱ्यांच्या डोक्यात ही गोष्ट इतकी क्वचित येते की मी ती वहीत अधोरेखित करून ठेवली.

सोमवार, कोराइल

गुलशन-बनानीच्या उंच इमारती, मध्ये तलाव, आणि तलावाच्या या काठाला कोराइल ही ढाक्यातल्या सर्वांत मोठ्या झोपडवस्त्यांपैकी एक. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून कुणी आलं की एकाने दारात शिरायचं.

माझ्याबरोबर दुभाषा म्हणून कुश्तियाचा एक तरुण अभियंता होता. मोजकं बोलायचा, मात्र नळ दिसला की वाकून सांधा तपासल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. त्याने गल्लीतल्या गटाराकडे बोट दाखवलं. गटारातूनच निळ्या-काळ्या प्लास्टिकच्या नळ्यांची जुडी गेली होती. पाणी दिवसातून थोडा वेळ येतं. येतं तेव्हा नळीत दाब असतो आणि भेगांतून पाणी बाहेर गळतं. जातं तेव्हा नळीच उलटी ओढ घेते आणि त्याच भेगांतून गटार आत येतं. शुद्धीकरण केंद्रातून निघताना पाणी कितीही निर्मळ असो, हा शेवटचा टप्पा त्याचं वाटोळं करतो. चोवीस तास पाणी म्हणजे श्रीमंतांचे लाड, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही जुडी एकदा बघावी.

वस्ती सरकारी जमिनीवर. जमिनीचा कागद नाही म्हणून कायदेशीर जोडणी नाही, असं वर्षानुवर्षं चाललं. त्या फटीत दलाल घुसले. त्यांनी चोरून नळ ओढले आणि समोरच्या बंगल्यात मिळणारंच पाणी इथे कितीतरी पट भावाने विकलं. नव्वदच्या दशकात दुःस्थ स्वास्थ्य केंद्र या संस्थेने ढाक्यातल्या काही वस्त्यांसाठी पाणीपुरवठा मंडळाकडे, म्हणजे ढाका वासाकडे, स्वतः जामीन राहून जोडण्या मिळवल्या. बिलं बुडाली तर आम्ही भरू, अशी हमी. बिलं बुडाली नाहीत. पुढे वस्त्यांच्या समित्याच ग्राहक झाल्या. दलालाला कितीतरी जास्त पैसे मोजणारा माणूस रास्त बिल बुडवेल ही भीती मुळात कुणाच्या डोक्यात आली असेल, असा प्रश्न मला पडला. अभियंता म्हणाला, "ज्याचं दलालीत भलं होतं त्याच्या."

तीन चुलींवर तीन पातेली उकळत होती, तिन्हींत नुसतं पाणी. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या बांगलादेश शाखेने २०१९ मध्ये हिशेब मांडला होता की ढाक्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त नळजोडण्यांची घरं पाणी उकळून पितात आणि त्यापायी वर्षाला ३३२ कोटी टाकांचा गॅस जळतो. वासाच्या प्रमुखांनी आपलं पाणी शंभर टक्के पिण्यायोग्य असल्याचं जाहीर केलं. त्यावर जुराइन भागातला एक रहिवासी नळाचं पाणी, लिंबं आणि साखर घेऊन त्यांच्या कार्यालयात सरबत पाजायला गेला. प्रमुखांनी ते घेतलं नाही.

तलावाच्या काठाला बांबूंवर उभे असलेले, गोणपाट लावलेले टांगते संडास अजून आहेत. त्यांच्याविषयी वेगळं काही लिहायला नको. खाली तलाव आहे.

मंगळवार, सदरघाट ते मतलब

सदरघाटावरून चांदपूरची लाँच पकडली. बुडीगंगा एप्रिलमध्ये शाईसारखी काळी. ढाक्यातल्या हजारीबागचे चामड्याचे कारखाने २०१७ मध्ये शहराबाहेर साभारला हलवले, पण शहराचं मैलापाणी अजून मोठ्या प्रमाणात नद्यांतच येतं. तास-दीड तासाने पाण्याचा रंग पालटायला लागला, वास गेला, आणि मेघनेत शिरल्यावर एकदम वारा सुटला. लाँचवर भात आणि इलिश माशाचा तुकडा मिळाला. हात धुवायला नळ होता, पिण्याला बाटली.

चांदपूरला उतरून मतलब गाठलं. इथल्या क्षेत्रीय केंद्राचं काम १९६३ पासून सुरू आहे, आणि १९६६ पासून आसपासच्या गावांतला प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू, प्रत्येक स्थलांतर नोंदलं जातंय. इतकी वर्षं इतक्या बारकाईने पाहिलेली खेडी जगात थोडी. म्हणूनच जगाला माहीत झालेल्या कितीतरी गोष्टी इथे तपासल्या गेल्या.

त्यातली एक साडीची. कॉलऱ्याचे जंतू नदी-तळ्यातल्या सूक्ष्म कवचधारी जीवांना चिकटून राहतात. जंतू अतिसूक्ष्म, पण ते जीव त्यांच्या मानाने चांगलेच मोठे. रीटा कॉलवेल आणि सहकाऱ्यांनी ६५ गावांत प्रयोग केला: जुनी सुती साडी घडी घालून घागरीच्या तोंडावर धरायची आणि पाणी गाळायचं. कॉलरा जवळजवळ निम्म्याने घटला. निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. जुनीच साडी का, तर वापरून वापरून तिचा धागा फुगतो आणि विणीतल्या फटी लहान होतात. केंद्रातली सेविका म्हणाली की नवी साडी कुणी गाळायला घेईल तरी का.

रात्री धनागोदा नदीकाठी डासांनी फोडून काढलं.

बुधवार, मतलबची खेडी

या प्रवासात मला सर्वांत जास्त बघायचं होतं ते आज.

इथे प्रत्येक अंगणात चापकल, म्हणजे ओतीव लोखंडाचा हातपंप. तळी-नद्यांचं पाणी पिऊन मुलं अतिसाराने मरतात म्हणून १९७० च्या दशकापासून युनिसेफ आणि सरकारच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खात्याने उथळ कूपनलिकांचा धडाका लावला. लोकांना ते इतकं पटलं की पुढच्या लाखो नलिका त्यांनी स्वतःच्या पैशाने घातल्या. मुलीला स्थळ बघताना अंगणात चापकल आहे ना, हे बघितलं जायचं, असं एका आजोबांनी सांगितलं. देशभरात अशा नलिका १ कोटीच्या आसपास असाव्यात असा अंदाज आहे. पाणी थंड, नितळ, जंतूंपासून बऱ्यापैकी सुरक्षित. आणि आर्सेनिक? ते कुणी तपासलंच नव्हतं.

१९९३ मध्ये चापाइ नवाबगंज जिल्ह्यात आर्सेनिक पहिल्यांदा सापडलं. त्याआधी दहा वर्षं सीमेपलीकडे पश्चिम बंगालमध्ये त्वचेचे रुग्ण आढळत होते, जाधवपूर विद्यापीठाचे दीपांकर चक्रवर्ती कानीकपाळी ओरडत होते. १९९८-९९ च्या सर्वेक्षणात उथळ नलिकांपैकी २७ टक्क्यांत आर्सेनिक देशाच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरला ५० मायक्रोग्रॅमपेक्षा, जास्त निघालं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १० ची. ती लावली तर आकडा ४६ टक्क्यांवर जातो. चांदपूर जिल्हा सर्वांत वाईट: दहातल्या नऊ नलिका ५० च्या वर. साथरोगतज्ज्ञ अॅलन स्मिथ यांनी २००० मध्ये याला इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटलं.

दोष कुठल्या कारखान्याचा नाही, हे इथे आल्याशिवाय नीट उमगत नाही. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात लोहाचे कण असतात आणि त्यांना आर्सेनिक चिकटलेलं असतं. जमिनीखाली प्राणवायू संपला, की कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यावर जगणारे जीवाणू लोहाचा वापर करायला लागतात. लोह विरघळतं, आर्सेनिक सुटतं. वास नाही, चव नाही, रंग नाही. उकळून जात नाही. उलट पाणी आटतं तसं दाट होतं.

एका घरच्या खालांनी, म्हणजे मावशींनी, तळहात पुढे केले. मधोमध आणि बोटांच्या मुळाशी जोंधळ्याएवढे कठीण उंचवटे, मानेवर पावसाचे थेंब उडाल्यासारखे काळे-पांढरे ठिपके. "सुरुवातीला लोक माझ्या हातचं खात नव्हते," त्या म्हणाल्या. "स्पर्शाने होतं, असं वाटायचं." दिसतं ते एवढंच. आत मूत्राशयाचा, फुप्फुसाचा कॅन्सर, हृदयविकार, हे सगळं वर्षानुवर्षं शिजत असतं.

२००६ पर्यंत चाललेल्या मोहिमेत सुमारे ५० लाख नलिका तपासल्या आणि तोंडाला रंग दिला: सुरक्षित ती हिरवी, विषारी ती लाल. लाल निघाल्या १४ लाखांच्या घरात. मी खालांना विचारलं, तुमची कुठल्या रंगाची होती? लाल. मग? हिरवी ज्यांच्या अंगणात होती त्या घराशी बोलणं बंद होतं. काही महिने लांबून आणलं, मग सुनेचं बाळंतपण आलं. पंप बदलला, लाल रंग जुन्या पंपाबरोबर गेला. आताचा चापकल बिनरंगाचा आहे.

त्या मोहिमेनंतर कित्येक वर्षं देशभर पुन्हा तपासणी झाली नाही. अलीकडे परत एक फेरी झाली. मधल्या काळात लाखो नव्या नलिका पडल्या. आम्ही खालांच्या चापकलचं पाणी किटने तपासलं. बाटलीत पाणी, त्यात दोन पुड्या, झाकणाला कागदाची पट्टी, वीसेक मिनिटं वाट. घरातली मुलं घोळका करून पट्टीकडे बघत होती. पट्टी पिवळी होऊन तपकिरीकडे झुकली. अभियंत्याने रंगाचा तक्ता शेजारी धरला आणि काही न बोलता खालांना दाखवला. त्यांनी तक्ता आधी पाहिलेला होता.

दुपारी नलिका खोदणारे मिस्त्री भेटले. यंत्र नाही: बांबूची परांची, लोखंडी नळी, खाली एक जण तरफेने नळी उचलतो-आपटतो, वर बसलेला नळीच्या तोंडावर तळहात ठेवून झडपेचं काम करतो, आणि दर आपटीबरोबर चिखलाची पिचकारी उडते. मिस्त्रींनी वाळूच्या चार ढिगल्या मांडून दाखवल्या: काळी, पांढरी, फिकट पिवळसर, लाल. लाल आणि पिवळसर वाळूत आर्सेनिक सहसा कमी, काळीत जास्त. इथल्या मिस्त्रींच्या या निरीक्षणाला संशोधकांनी मोजमाप करून दुजोरा दिला आहे. काळ्या वाळूवर थांबू नका, एवढं गिऱ्हाइकाने सांगितलं तरी पुष्कळ. पण खोली वाढली की पैसे वाढतात, गिऱ्हाईक पहिलं पाणी लागलं की थांबवतं.

खरा भरवशाचा उपाय दीडशे मीटरहून खोल नलिका, आणि ती एका कुटुंबाच्या ऐपतीबाहेरची. म्हणून सरकार घालून देतं. कुठे घालतं? या गावातली पाहिली. पक्क्या भिंतीच्या आवारात, फाटकाच्या आत, एका वजनदार माणसाच्या स्वयंपाकघराला लागून. "सगळ्यांसाठी खुली आहे," तो आदबीने म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं; दिवसा फाटक उघडं होतं. पण बायका तिथे जात नव्हत्या. ह्यूमन राइट्स वॉचने २०१६ च्या अहवालात हेच मांडलं होतं की खोल नलिकांच्या जागा ठरवताना गरजेपेक्षा राजकीय लागेबांधे चालतात.

माझं मत आता पक्कं होत चाललं आहे. नलिका खोदली की कोनशिला बसते, फोटो निघतो. तपासणीला कोनशिला नसते, झडपेचं रबर बदलण्याला तर नसतेच. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत उगमापाशी घेतलेल्या पाण्यात सुमारे ४० टक्के लोकांच्या बाबतीत मैल्याचे जंतू सापडले आणि घरातल्या पेल्यात तेच प्रमाण ८२ टक्क्यांवर गेलं. पंपापासून पेल्यापर्यंतच्या पंचवीस पावलांत हे घडतं: घागर, झाकण, हात, पेला. त्या पावलांसाठी निविदा कशाची काढणार?

गुरुवार, सखीपूर

राजशाहीच्या वाटेवर टांगाइल जिल्ह्यातलं हे लहान शहर. संडासाचे खड्डे भरले की पुढे काय, या प्रश्नाला इथल्या नगरपालिकेने वॉटरएडच्या मदतीने उत्तर शोधलं आहे. पंप बसवलेली टँकरगाडी मैला उपसते, तो वाळवण वाफ्यांवर पसरतात, मग बाजारातल्या ओल्या कचऱ्याबरोबर कुजवून खत करतात. 'सखी कंपोस्ट' नावाने ते विकलंही जातं. मी मूठभर हातात घेतलं. ओल्या मातीचा वास.

याआधी हे काम माणसं बादलीने करत, आणि देशात बऱ्याच ठिकाणी अजून करतात. ढाक्यातल्या सफाई कामगारांच्या वस्त्यांमध्ये आजही तेलुगू आणि हिंदी बोलणारी कुटुंबं आहेत. इंग्रजांच्या काळात त्यांचे पूर्वज याच कामासाठी आणले गेले. देश दोनदा बदलला, काम बदललं नाही. कुणाच्या वाट्याला हे काम येतं, याचं गणित सीमा ओलांडूनही ओळखीचं असतं.

शुक्रवार, बागमारा

जुम्म्याचा दिवस, त्यामुळे माणसं भेटली ती नमाजानंतर. राजशाहीच्या बागमारा उपजिल्ह्यातल्या मोसमोइल गावात १९९९-२००० च्या सुमारास कमल कर यांनी वॉटरएड आणि व्हर्क या संस्थांबरोबर काम करताना संडासाला अनुदान देणं थांबवा म्हणून सुचवलं. त्याऐवजी गावकऱ्यांबरोबर उघड्यावरच्या जागांतून चालत जायचं, जमिनीवर गावाचा नकाशा काढून कोण कुठे बसतं त्याच्या खुणा करायच्या, रोजचा मैला मोजायचा, आणि माशी जेवणावर काय आणते ते ग्लासभर पाण्यात दाखवायचं. बाकीचं गावाची किळस करून घेते. ही पद्धत पुढे आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत गेली. बांगलादेशात २००३ च्या पाहणीत ४२ टक्के घरं उघड्यावर जात होती, २०१५ पर्यंत ते प्रमाण सुमारे १ टक्क्यावर आलं. एवढ्या गरीब देशाने एवढ्या थोड्या वर्षांत हे केलं, याला तोड नाही.

तरीही मला त्या पद्धतीतलं लाजवणं आवडत नाही. मुलांना शिट्ट्या देऊन उघड्यावर बसलेल्यांच्या मागे सोडण्याचे प्रकार ठिकठिकाणी झाले. लाज ज्याच्याकडे जागा आणि पैसे आहेत त्याला संडास बांधायला लावते. ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याची फक्त लाज काढली जाते. हे मी बोलून दाखवलं, तर एका भाभींनी मला सरळ तोडलं: "दीदी, अंधार पडायची वाट बघत दिवसभर पोट धरून बसणं, त्याची लाज कुणी मोजली?" त्यांच्या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता इथे सगळीकडे रिंग-स्लॅब आहे: सिमेंटच्या कड्यांचा खड्डा, वर लादी. पाणी कमी लागावं म्हणून अनेकांनी भांड्याखालची वाकडी नळी फोडून टाकलेली. म्हणजे माशा आणि वास मोकळे. काही घरांत झडप लावलेलं प्लास्टिकचं साटो भांडं दिसलं, थोड्या पाण्याने झडप पडते आणि परत मिटते. खड्डे भरत आलेत. सखीपूरसारखी गाडी इथे येत नाही.

शनिवार, खुलन्याची गाडी

दिवसभर रेल्वे. १९१५ च्या हार्डिंज पुलावरून पद्मा ओलांडली. पुलाच्या बऱ्याच गाळ्यांखाली पाणी नव्हतंच, वाळूत लोकांनी पिकं घेतली होती. वर, सीमेपलीकडे भारतात, याच नदीवर फराक्का धरण १९७५ पासून चालू आहे. कोरड्या दिवसांत पद्मेतून गडाई नदीला गोडं पाणी कमी मिळतं, आणि गडाईच्या जिवावर तगलेल्या खालच्या खाड्यांत समुद्र तेवढा वर सरकतो. अभियंत्याचं कुश्तिया या गडाईच्याच काठी. तो खिडकीतून बराच वेळ बघत होता, मग म्हणाला, "लहानपणी आम्हाला पलीकडे पोहता यायचं नाही. आता उन्हाळ्यात चालत जाता येतं."

रविवार, श्यामनगर

सातखिऱ्याच्या दक्षिणेला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फक्त पाणी, आणि प्यायला थेंब नाही. ही सगळी कोळंबीची तळी, इथल्या बोलीत 'घेर'. साठच्या दशकात शेतीसाठी बांध घालून खारं पाणी अडवलं. ऐंशीनंतर बागदा कोळंबीला भाव आला तसं त्याच बांधांना भोकं पाडून खारं पाणी आत घेतलं. मग वादळं. २५ मे २००९ ला आयला आलं तेव्हा बांध फुटले आणि गोड्या पाण्याची तळी खारी झाली.

इथे चापकल मारला तर खारं येतं. म्हणून तळं राखायचं आणि त्याला वाळूची गाळणी जोडायची: हातपंपाने पाणी विटांच्या टाकीत चढवायचं, खडी-वाळूतून झिरपू द्यायचं. वाळूच्या वरच्या थरावर जी चिकट साय धरते तीच जंतू खाते. ती साय जाड झाली की पाणी उतरत नाही, वरची वाळू काढून धुवावी लागते. पाहिलेल्या गाळण्यांपैकी निम्म्या बंद होत्या. बांधणाऱ्या संस्थेची पाटी प्रत्येकीवर शाबूत.

एका आरोग्य सेविकेने जे सांगितलं त्याने मी मनाने परत महाखालीच्या वॉर्डात गेले. इथे सलाइनचं पाकीट देताना ती आधी विचारते, कुठल्या पाण्यात घोळणार? खाऱ्या पाण्यात घोळलं तर मीठ जास्त होतं आणि लहान मुलाला ते धोक्याचं. खुलना जिल्ह्यातल्या दाकोप भागातल्या अभ्यासात कोरड्या ऋतूत नुसत्या पिण्याच्या पाण्यातून दिवसाला ५ ते १६ ग्रॅम सोडियम पोटात जात असल्याचा अंदाज निघाला होता. जागतिक आरोग्य संघटना सगळं धरून २ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. गरोदर बायकांचा रक्तदाब त्या महिन्यांत चढतो.

सोमवार, गाबुरा

नीलडुमूर घाटावरून होडीने गाबुऱ्याला गेलो. चारी बाजूंनी नदी, पलीकडे सुंदरबन. बांधावरून एकामागे एक बायका-मुली कमरेला कळशी घेऊन जात होत्या. त्या जिथून पाणी आणतात ते तळं तासाभरावर.

एका घरी पावसाच्या पाण्याची २,००० लिटरची काळी टाकी होती. पत्र्याचं छप्पर, अर्ध्या कापलेल्या नळीची पन्हळ, तोंडाला कापड. पहिल्या पावसाचं पाणी वाहू द्यायचं आणि मग पन्हळ टाकीकडे वळवायची, हे त्या घरच्या बाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. मी विचारलं, किती पुरतं? त्यांनी माझ्यापेक्षा भरभर हिशेब केला. घरात पाच माणसं. पिणं आणि भात धरून माणशी तीन लिटर, म्हणजे दिवसाला पंधरा. टाकी जाते चार महिने आणि वर थोडे दिवस. पाऊस थांबतो कार्तिकात, परत येतो ज्येष्ठ-आषाढात. "म्हणून आम्ही भात तळ्याच्या पाण्यात शिजवतो आणि टाकीचं फक्त पितो. तरी चैत्रात तळ दिसतो."

टाकीला कुलूप होतं. चोरीसाठी नाही, त्या म्हणाल्या. पोरं हात धुवायला तोटी सोडतात म्हणून. किल्ली त्यांच्या पदराला.

दुसरी टाकी मिळाली तर पुरेल का? पुरेल. मागितली का? मागितली. यादी करायला आलेल्या मुलाने वहीत बघून सांगितलं की या घराच्या नावापुढे 'लाभ मिळाला' अशी खूण आहे, एका घराला एकच. त्याऐवजी पलीकडे नवी गाळणी मंजूर झाली आहे. ती कोण धुणार, हे त्यांनी विचारलं होतं. त्यावर तो म्हणाला होता की समिती नेमतील. समितीत कोण, तर नेहमीचेच. आणि वाळू धुवायला? बाईंनी अंगणात खेळणाऱ्या आपल्या मोठ्या मुलीकडे हनुवटीने दाखवलं आणि म्हणाल्या, "तेव्हा आम्हीच."